नियंत्रकांचे लाघव : रेल्समधील एका सुधारणेची चिकित्सा

संस्कृत शास्त्रपरंपरेत सूत्राची जी लक्षणे सांगितली जातात, त्यांत अल्पाक्षरत्वाबरोबर असंदिग्धत्वाचाही समावेश होतो. अक्षरे वाचवावीत, परंतु अर्थाविषयी संशय उरू नये, ही त्यामागील दृष्टी होय. संगणकासाठी लिहिल्या जाणाऱ्या आज्ञावलींतही लाघवाची आवड तितकीच प्रबळ आहे; तथापि दुसऱ्या लक्षणाचा विसर तेथे किती सहज पडतो, हे रूबी ऑन रेल्स या फ्रेमवर्कमधील नियंत्रकांच्या, म्हणजे कंट्रोलरच्या, सुलभीकरणाचा इतिहास पाहिला असता ध्यानात येते.

रेल्स हे फ्रेमवर्क डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ साली प्रसिद्ध केले. ब्राउझरकडून आलेली विनंती स्वीकारणे, संबंधित नोंद शोधणे अथवा बदलणे आणि उत्तर कोणते द्यावयाचे ते ठरविणे, हे त्यातील नियंत्रकाचे कार्य. आरंभी नियंत्रकातील क्रियांना नावे देण्याविषयी कसलेही बंधन नव्हते. जानेवारी २००७ मध्ये आलेल्या १.२ या आवृत्तीने या मोकळिकीला शिस्त लावली. तिचा आधार रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत सादर केलेल्या प्रबंधात मांडलेली ‘रेस्ट’ ही रचनाशैली होती. पत्ता हा संसाधनाचा, म्हणजे नामाचा असावा आणि त्याच्याशी होणारा व्यवहार गेट, पोस्ट, पुट, डिलीट अशा मोजक्या क्रियापदांनी चालावा, असा या शैलीचा रेल्सने घेतलेला अर्थ होता. त्यानुसार प्रत्येक नियंत्रकास इंडेक्स, शो, न्यू, एडिट, क्रिएट, अपडेट आणि डिस्ट्रॉय अशा सात क्रिया नेमून देण्यात आल्या.

हे सप्तक फील्डिंग यांच्या प्रबंधात नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. न्यू आणि एडिट या क्रिया तर केवळ कोरा वा भरलेला अर्ज दाखविण्यापुरत्या आहेत. शिवाय उत्तरातील दुव्यांवरूनच पुढचा मार्ग कळत नसेल, तर अशा रचनेस रेस्ट म्हणू नये, असे स्वतः फील्डिंग यांनी २००८ मध्ये स्पष्ट केले. रेल्सचे सप्तक हा सोयीचा संकेत होय, सिद्धान्त नव्हे.

सात क्रिया ठरताच नवी अडचण उभी राहिली. प्रत्येक नियंत्रक दुसऱ्यासारखाच दिसू लागला : नोंद शोधा, बदला, जतन झाली तर पुढे पाठवा, न झाली तर अर्ज पुन्हा दाखवा. या पुनरुक्तीवर दोन प्रकारचे उपाय झाले. पहिला उपाय स्कॅफोल्ड या जनकाचा. तो पुनरुक्ती काढीत नाही. ती फक्त माणसाऐवजी यंत्राकडून लिहवून घेतो. दुसरा उपाय वारशाचा. जोझे वालिम यांच्या ‘इन्हेरिटेड रिसोर्सेस’ या ग्रंथिकेत सातही क्रिया मूळ वर्गात ठेवलेल्या असून नियंत्रकात एखादी ओळ पुरते. २०१० साली आलेल्या रेल्स ३.० मध्ये ‘रिस्पॉन्ड विथ’ ही सोय याच दिशेने देण्यात आली. परंतु २०१४ च्या ४.२ आवृत्तीत ही सोय मूळ फ्रेमवर्कमधून काढून वेगळ्या ग्रंथिकेत हलविण्यात आली आणि ‘इन्हेरिटेड रिसोर्सेस’ची शिफारस करणे तिच्या कर्त्यांनीही पुढे सोडून दिले. कारण उघड आहे. व्यवहार जोवर साचेबंद असतो, तोवर एक ओळ पुरते. पहिला अपवाद उद्भवताच मूळ वर्गातील कोणता भाग कोठे फिरवावयाचा, हे शोधण्यातच वाचलेला वेळ खर्ची पडतो. ओळी गेल्या, पण गुंतागुंत गेली नाही. ती केवळ दृष्टीआड झाली.

दृष्टीआड झालेल्या निर्णयाची किंमत मार्च २०१२ मध्ये दिसून आली. अर्जातून आलेली सर्व मूल्ये एकाच ओळीत नोंदीस चिकटविण्याच्या पद्धतीतील उणीव वापरून एका तंत्रज्ञाने गिटहब येथील रेल्सच्याच भांडारात लिहिण्याचा अधिकार मिळविला. ती ओळ आटोपशीर होती. परंतु कोणते रकाने बाहेरच्या माणसाने बदलावेत, हा प्रश्न तिने विचारलाच नव्हता. २०१३ च्या ४.० आवृत्तीपासून अनुमत रकान्यांची यादी नियंत्रकात स्पष्ट लिहिण्याची रीत आली. नियंत्रक त्यामुळे काहीसा लांबला, आणि ते योग्यच झाले.

खरे सुलभीकरण तिसऱ्या मार्गाने होते. तो मार्ग योग्य नाम शोधण्याचा. ग्रंथालयाचे उदाहरण घ्यावे. ग्रंथांच्या नियंत्रकात देणे, परत घेणे, मुदत वाढविणे, राखून ठेवणे अशा क्रिया जोडीत गेल्यास तो फुगत जातो. त्याऐवजी ‘देवघेव’ हे संसाधन मानले, तर ग्रंथ देणे म्हणजे देवघेवीची नोंद निर्माण करणे ठरते. ‘राखणी’ मानली, तर ग्रंथ राखून ठेवणे आणि ती राखणी रद्द करणे यांना क्रिएट व डिस्ट्रॉय पुरतात. परत घेण्यापाशी मात्र विचार करावा लागतो. देवघेवीची नोंद पुसली, तर ग्रंथ कोणी केव्हा नेला होता याचा इतिहासही पुसला जातो. ती अपडेटमध्ये बसविली, तर मुदतवाढ आणि परतावा एकाच क्रियेत कोंबले जाऊन तेथे फाटे फुटतात. यास्तव ‘परतावा’ आणि ‘मुदतवाढ’ ही स्वतंत्र नामेच इष्ट ठरतात. नाम शोधता शोधता ग्रंथालयाच्या व्यवहाराविषयीचा एक प्रश्न येथे उघड झाला. वारशाच्या एका ओळीने तो कधीच उघड झाला नसता.

या मार्गावरही आक्षेप घेता येतात. नियंत्रकांची संख्या वाढते. आणि एकाच वेळी अनेक नोंदींवर करावयाची कामे नामात बसविताना शब्द ओढूनताणून आणावे लागतात. जेथे ग्रंथालयाच्या सेवकाला ओळखू येईल असे नाम सापडत नाही, तेथे सप्तकाचा आग्रह सोडून साधी जादा क्रिया लिहिणेच प्रामाणिकपणाचे ठरते. या मर्यादा मान्य करूनही एवढे निश्चितपणे म्हणता येते, की नियंत्रकातील ओळ वगळण्यापूर्वी ती कोणता निर्णय घेत होती हे पाहिले पाहिजे. तो निर्णय अन्यत्र स्पष्टपणे वाचता येत असेल, तरच ते लाघव. नसेल, तर तो केवळ संक्षेप होय.