दोसुखने : उत्तराच्या पलीकडे

अमीर खुसरो (१२५३–१३२५) यांच्या नावावर रूढ असलेल्या पहेल्या व दोसुखने बहुतेक संग्रहांत प्रश्न वर आणि उत्तर खाली अशा रीतीने छापलेले असतात. उत्तर कळले की काम संपले, अशी त्यामागची समजूत दिसते. आमच्या मते ही मांडणी या प्रकारावर अन्याय करणारी आहे.

दोसुखन्यात दोन असंबद्ध प्रश्नांना एकच उत्तर लागू पडते. जोडा का घातला नाही, समोसा का खाल्ला नाही? ‘तला न था’. मांस का खाल्ले नाही, गवई का गायला नाही? ‘गला न था’. ‘तला’ म्हणजे जोड्याचा तळ आणि तळलेला. ‘गला’ म्हणजे कंठ आणि शिजून मऊ झालेला. दोन्ही ठिकाणी एकच रूप एकदा नाम आहे, एकदा क्रियापदाचे भूतकाळी रूप. गंमत कल्पनेत नसून व्याकरणात आहे. म्हणूनच ही कोडी मराठीत उतरत नाहीत. मराठीत भूतकाळाला ‘ल’ लागतो. ‘तळ’ आणि ‘तळला’ वेगळे पडतात. ‘गळणे’चा तर अर्थच निराळा.

याउलट भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का कुजले, हे कोडे हिंदीत आणि मराठीत सारखेच नांदते. कारण येथे श्लेष रूपावर नाही. ‘फेरना’ आणि ‘फिरवणे’ या क्रियापदांच्या अर्थव्याप्तीवर आहे. हिंदीत रोटी स्त्रीलिंगी असल्याने ‘फेरा न था’ हे उत्तर थोडे ताणावे लागते. मराठीतील ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तर मात्र तिन्ही लिंगांना चालते.

कर्तृत्वाचा प्रश्नही अशाच बारकाईने पाहावा लागेल. आपण काही हिंदवी पद्ये मित्रांना दिल्याचे खुसरोंनी ‘गुर्रतुल कमाल’च्या प्रस्तावनेत सांगितले आहे, पण आज प्रचलित असलेले सारे त्यांचेच, असे त्यावरून ठरत नाही. त्यांच्या नावावर हुक्क्याचीही पहेली सांगितली जाते. तंबाखू भारतात आली ती पोर्तुगीजांमार्फत. अकबराच्या दरबारी ती असद बेगने विजापूरहून नेली, १७व्या शतकाच्या आरंभी. तेव्हा ती पहेली खुसरोंची असणे शक्य नाही. यामुळे तिचे मोल मात्र घटत नाही. लोकांनी आपली रचना एका प्रिय नावाखाली जपली, हेही वाङ्मयेतिहासाचे साधनच आहे.

आपल्या वर्गांत घरी दखनी किंवा उर्दू बोलणारे आणि मराठी बोलणारे विद्यार्थी शेजारी बसतात. एकाला ‘तला न था’ ऐकताच हसू येते, दुसऱ्याला येत नाही. याला बुद्धीतील फरक मानण्याची चूक सहज घडते. उत्तर विचारण्याऐवजी हे कोडे तुझ्या भाषेत का जुळते किंवा का जुळत नाही, असे विचारले, तर दोघांपाशीही सांगण्यासारखे काही असेल. संग्रहकर्त्यांनीही उत्तराखाली एवढे स्पष्टीकरण द्यावे, ही अपेक्षा वावगी ठरू नये.