'मुद्दाम नाही केलं हो!' : मुलांच्या फुटबॉलमधला फाउल आणि भीतीचा हक्क

श्रोतेहो, आज आपण दोन वाक्यांची झडती घेणार आहोत. शाळकरी मुलांचा फुटबॉल सामना कोल्हापुरात असो की मुंबईत, रेफरीनं फाउलची शिट्टी मारली की मैदानाबाहेरून ही वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'त्यानं मुद्दाम नाही केलं हो!' आणि दुसरं, 'आधी बॉलला लागला होता!' पालक ओरडतात, कोच ओरडतात, आणि नवखा रेफरी बिचकतो. आमचं म्हणणं असं की हे दोन्ही बचाव नियमाच्या कसोटीवर टिकत नाहीत, आणि नीतीच्या कसोटीवर तर मुळीच नाहीत.

आधी नियम पाहू. फाउलचा नियम बारावा. १९९५ पर्यंत लाथ मारणं, पाडणं, ढकलणं या फाउलच्या व्याख्येत 'हेतुपुरस्सर' अशी अट होती. म्हणजे रेफरीनं खेळाडूच्या मनात शिरायचं! ही अट किती पोकळ होती? १९८२च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी आठवा. पश्चिम जर्मनीचा गोलकीपर शूमाखर फ्रान्सच्या बातिस्तोंवर आदळला. बातिस्तों बेशुद्ध पडला, त्याचे दात तुटले. फाउल मात्र दिला गेला नाही. खेळ गोल किकनं पुढे सुरू झाला. शूमाखरच्या मनात काय होतं यावर लोक आजही भांडतात. बातिस्तोंच्या दातांबद्दल भांडण नाही.

१९९५ साली ती अट गेली. आता तीन पायऱ्या आहेत. निष्काळजीपणा असेल तर नुसती फ्री किक. समोरच्याचं काय होईल याची पर्वाच केली नसेल तर यलो कार्ड. गरजेपेक्षा जास्त ताकद लावून समोरच्याला धोक्यात घातलं तर रेड कार्ड. यात 'मनात काय होतं' हा प्रश्नच नाही. 'किती काळजी घेतली' हा आहे. आणि 'आधी बॉल' ही सबबही आजच्या नियमात कुठे नाही. बॉलला पाय लावून त्याच झोकात समोरच्याची नडगी फोडली, तर नडगी फुटलेलीच असते, नाही का?

ॲरिस्टॉटलनं इजेचे प्रकार पाडताना नुसता अपघात आणि टाळता आली असती अशी चूक, यांत फरक केला होता. हेतू नव्हता म्हणून दोष नव्हता, असं होत नाही. घ्यायला हवी ती काळजी घेतली नाही, हाच दोष.

आता मुलांच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं कलम बघा: धोकादायक खेळ. बॉल खेळताना कुणालाही, अगदी स्वतःलासुद्धा, इजा होण्याचा धोका निर्माण केला तर तो गुन्हा. स्पर्श व्हायची गरज नाही. स्पर्श झाला तर मामला आणखी वर जातो. आणि जवळचा प्रतिस्पर्धी इजेच्या भीतीनं बॉल खेळू शकला नाही, हेही नियम मोजतो. छातीच्या उंचीवर बूट आला आणि दहा वर्षांची मुलगी मागे सरकली, तर तिच्यावर अन्याय झालेला आहे. समोरच्या संघाविरुद्ध इनडायरेक्ट फ्री किक द्यायची. 'लागलं कुठे?' हा प्रश्नच गैरलागू आहे.

कुणी म्हणेल, मग भित्र्या पोरालाच फायदा! तसं नाही. भीती वाजवी होती का, हे रेफरीनं ठरवायचं असतं. वाजवी कुणाच्या मापानं, हा खरा वादाचा मुद्दा, आणि इथं नियम गप्प आहे. लहान मुलांसाठी मैदान, बॉल, गोल आणि वेळ कमी करायची मुभा तो देतो. धोक्याचं माप कमी करावं असं सांगत नाही. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघानं २०१५ साली दहा आणि त्याखालच्या वयाच्या मुलांना हेडिंग बंद केलं, तेव्हा मोठ्यांचा धोका आणि मुलांचा धोका वेगळा असतो हे मान्यच केलं. तेच माप रेफरीनं पायांनाही लावायला हवं.

एक अवघड उदाहरण घ्या. पोरगं पडलं, बॉल त्याच्या पायांत अडकला, आणि भोवती चारजण लाथा हाणतायत. पडणं हा गुन्हा नाही. पण इथं लाथ लागेपर्यंत थांबणारा रेफरी नियम पाळत नाही, तो इजेची वाट बघतोय. शिट्टी आधी वाजली पाहिजे. किक कुणाला द्यायची, ते त्यानंतर सावकाश ठरवता येतं. लाथ मारणाऱ्यानं धोका निर्माण केला असेल तर पडलेल्याला. बॉल पायांत धरून तो मुद्दाम तिथंच पडून राहिला असेल तर समोरच्यांना.

म्हणून पालकांना आमची एवढीच विनंती. पुढच्या सामन्यात शिट्टी वाजली की आपलं पोर निर्दोष आहे का हे तपासण्याआधी, समोरचं पोर मागे का सरकलं ते बघा. आता तुमचे प्रश्न घेऊ.