नारळीकरांचा आशावाद

जयंत विष्णू नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. विज्ञान लोकांपर्यंत नेणारा आशावादी वैज्ञानिक म्हणून त्यांचा गौरव करणे सोपे आहे. परंतु तो आशावाद नेमका कशावर उभा होता, हे त्यांच्या लेखनातून तपासल्याशिवाय त्या गौरवास अर्थ येत नाही. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेल्या या लेखकाचे नाव संकेश्वरच्या मराठी शिक्षकास शेजारघरचेच वाटावे. म्हणून ही तपासणी येथे बसून करणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

विज्ञानाच्या जोरावर मनुष्य सर्व संकटांतून पार पडेल, असा भाबडा विश्वास त्यांच्या कथांत आहे काय? आमच्या मते नाही. ‘धूमकेतू’ ही कथा पाहावी. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू वैज्ञानिकांच्या प्रयत्नाने मार्गावरून ढळतो, पण तो शोधून काढणाऱ्या गृहस्थाच्या स्वतःच्या घरी त्याचे श्रेय यज्ञाला दिले जाते. आकाशातील संकट टळते. माणसाच्या मनातील मात्र टळत नाही. केवळ सुखान्त साधणारा लेखक येथे थांबला नसता.

मग आशा कोठे आहे? ती पद्धतीत आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आपलीच आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्यासमवेत गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडून १९६५ साली पद्मभूषण झालेल्या माणसास नाव लपविण्याचे कारण एकच: कथेची पारख कथेवरून व्हावी. त्या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. पुढे २००८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची कसोटी घेतली, तीही याच वृत्तीने. हुशार मुले व मतिमंद मुले यांच्या कुंडल्यांतून प्रत्येकी चाळीस कुंडल्या ज्योतिषांस दिल्या. सत्तावीस जणांची उत्तरे आली आणि त्यांतील सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडविले असते तरी निम्मी उत्तरे जुळली असती. येथे निंदा नाही, उपहास नाही. केवळ मोजणी आहे. पुराव्यासमोर उभे केले असता सामान्य माणूस तो पुरावा समजू शकतो, हा विश्वास म्हणजेच नारळीकरांचा आशावाद होय. बहुसंख्य वैज्ञानिकांनी महास्फोटाचा सिद्धान्त स्वीकारल्यावरही ते त्याविषयी शंका घेत राहिले. मत अल्पसंख्य झाले म्हणून प्रश्न विचारण्याचा हक्क संपत नाही, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

वाङ्मय म्हणून या कथांत उणिवा आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पात्रे पुष्कळदा कल्पनेची वाहक होऊन राहतात. संवादातून शिक्षकाचा स्वर डोकावतो. स्त्रीपुरुषांच्या अंतरंगाचा ठाव घेण्याची ओढ दिसत नाही. पण त्यांचे सामर्थ्य निराळ्या ठिकाणी आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पानिपतावर मराठे जिंकले असते तर, या मराठी मनास पिढ्यान्‌पिढ्या छळणाऱ्या प्रश्नाच्या आधाराने ते वाचकास पुंजयामिकीच्या दारापर्यंत नेतात. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत घरोघरी परिचित असलेल्या मूर्तीवरून अवकाशाच्या भूमितीची चर्चा उघडते. परक्या कल्पनेस आपल्या घरातला उंबरठा देणे, ही त्यांची खरी कला. हे इंग्रजीतून आणलेल्या ज्ञानाचे भाषांतर नव्हे. तो विचार मराठीत घडलेला आहे.

सीमाभागातील शिक्षकांस या गोष्टीचे मोल अधिक आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव, निपाणी, संकेश्वर या भागांतील मराठी शाळेतल्या मुलाच्या कानांवर रस्त्यात कन्नड पडते, घरी मराठी आणि भविष्याच्या नावाने इंग्रजी. मराठीत कथा-कविता ठीक, विज्ञान नव्हे, असा समज त्याच्या मनात नकळत रुजतो. नारळीकरांनी या समजाविरुद्ध वाद घातला नाही. त्यांनी मराठीत लिहून तो खोटा ठरविला. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रास २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ च्या नाशिक साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांस लाभले, तेव्हा मराठी साहित्यानेही ते मान्य केले.

स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांस ते सांगत, ‘मला पोस्टकार्डावर प्रश्न विचारा’. उत्तर येई, आणि त्याखाली स्वाक्षरी असे. थोर माणसाचे नाव वहीत जमविण्यापेक्षा आपला प्रश्न नीट मांडणे मोठे, हा त्यातला पाठ. आता ते उत्तर पुण्याहून येणार नाही. ते देण्याचे काम वर्गातील शिक्षकाकडे आले आहे. आणि उत्तर ठाऊक नसेल तेव्हा ‘चला, शोधून पाहू’ असे मुलांपुढे मोकळेपणाने म्हणणे, हेही त्यात आलेच. तसे म्हणण्याचे धैर्य आम्हा शिक्षकांत असेल, तरच नारळीकरांचा आशावाद अस्थानी नव्हता असे म्हणता येईल.