धूर हिशेबात घटला, हवेत घटला का?

आज एका संशोधनक्षेत्राची जरा झडती घेऊ. त्याचं नाव 'व्हॅनेट', म्हणजे गाड्यांचं बिनतारी जाळं. गाड्या एकमेकींशी आणि सिग्नलशी बोलतील, थांबणं-सुटणं कमी होईल आणि शहराची हवा सुधारेल, असं सांगणारे पुष्कळ शोधनिबंध निघाले आहेत.

मूळ कल्पना चुकीची नाही, हे आधीच सांगतो. थांबलेली गाडी पुन्हा वेग घेते तेव्हा इंधन जास्त जळतं. पुढचा सिग्नल कधी हिरवा होणार हे ड्रायव्हरला आधी कळलं, तर तो वेग जुळवून घेईल. तर्क सरळ आहे.

अडचण पुराव्यात आहे. यातल्या बऱ्याच निबंधांत एकही खरी गाडी धावत नाही. 'सुमो' नावाचं, जर्मनीत तयार झालेलं मोफत सॉफ्टवेअर वापरतात. ते गाडीचा वेग आणि प्रवेग घेतं, युरोपीय उत्सर्जन-तक्त्यांवरून बसवलेल्या सूत्रात घालतं आणि धूर किती निघाला ते सांगतं. मग 'प्रदूषण इतके टक्के घटलं' हे वाक्य कशाबद्दल झालं? हवेबद्दल नाही, सूत्राबद्दल. निरोप पोचायला किती मिलिसेकंद लागले याचा काटेकोर आलेख असतो. धुराचा मात्र नुसता अंदाज.

अंदाज आणि रस्ता यांत केवढं अंतर पडतं, ते २०१५ च्या फोक्सवॅगन प्रकरणात दिसलं. चाचणीत पास झालेल्या डिझेल गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. तिथे लबाडी होती, इथे ती नाही. पण धडा एकच: रस्त्यावर जाऊन मोजा.

आणि रस्ता कुणाचा? पुण्यातल्या चौकात दुचाकी, रिक्षा, पीएमपीची बस, सगळे लेन सोडून एकमेकांत घुसतात. देखभाल न झालेली जुनी रिक्षा युरोपीय तक्त्यात कुठे बसवणार? शिवाय ब्रेक आणि टायर झिजून उडणारी धूळ धुराच्या सूत्रात येतच नाही.

आणखी एक. ड्युरांटन आणि टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या महामार्गांबाबत दाखवलं, की रस्ते वाढले की जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांचं धावणंही वाढतं. सिग्नलवर वाचलेल्या वेळेचं तसंच झालं, तर वाचलेला धूर नव्या गाड्या भरून काढतील.

चांगलं काम कसं असतं? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी जोशुआ आपटे आणि सहकाऱ्यांनी ओकलंडमध्ये गूगलच्या गाड्यांवर उपकरणं बसवून हवा मोजली. एकाच गल्लीत प्रदूषण पाच ते आठ पटींपर्यंत बदलत होतं. गाडीचा असा उपयोग हवेबद्दल खरंच काही सांगतो.

म्हणून उद्या तुमच्या शहरात हवा सुधारण्याच्या नावाखाली 'स्मार्ट सिग्नल' घेतले, तर एवढंच विचारा: बसवण्याआधी आणि नंतर, त्याच चौकात, हवा कुणी मोजली? पैसा आपला आहे, आणि दिवसभर तिथे उभ्या राहणाऱ्या ट्रॅफिक पोलिसाची फुप्फुसं खरी आहेत.