अवघड म्हणजे चांगले?

दोन वर्षांपूर्वी आई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आइंडहोवनला आली होती. सकाळचा चहा, पेन्सिल, खोडरबर आणि सुदोकू हा तिचा रोजचा नेम. इथे स्टेशनवरच्या दुकानात ‘डेंकस्पोर्ट’ची कोड्यांची पुस्तके मिळतात. डच भाषेचा एक शब्द येत नसताना तिने दोन आठवड्यांत एक पुस्तक संपवले. अंकांना भाषा लागत नाही, हे बरेच आहे. मला वाटले, आता हिला काहीतरी तोडीचे द्यावे. म्हणून फिनलंडचे गणितज्ञ आर्तो इंकाला यांचे, २०१२ साली ‘जगातले सर्वांत अवघड’ म्हणून गाजलेले सुदोकू छापून दिले. ८१ घरांपैकी २१ भरलेली, बाकीची ६० रिकामी.

पाचव्या दिवशी तिने कागद परत केला. “अरे, इथे एक अंक धरून पाहायचा, पुढे अडलं की सगळं खोडायचं, मग दुसरा धरायचा. हे कोडं कसलं, सोरट आहे.”

मी जरा फुशारकीनेच सांगितले की माझा छोटासा प्रोग्रॅम हे सुदोकू डोळ्याचे पाते लवायच्या आत सोडवतो.

“तो काय करतो?”

खरे सांगणे भाग होते. तोही अंक धरून पाहतो आणि अडला की मागे फिरतो.

“म्हणजे पाच दिवस मी तुझ्या मशीनचं काम करत होते.”

हा टोला मला लागला. इंजिनीअरिंगची डॉक्टरेट घेऊन इतकी वर्षे मी प्रोग्रॅमच लिहितो आहे, पण कोडे सुटणे आणि कोडे कळणे यांतला फरक असा कुणी तोंडावर विचारला नव्हता. आमच्या याच गावातल्या तंत्रविद्यापीठात एट्सखर डाइकस्ट्रा १९६२ पासून १९८४ पर्यंत होते. प्रोग्रॅम आधी लिहायचा आणि मग चालतो का ते पाहायचे, हे त्यांना मान्य नव्हते; लिहिता लिहिताच तो बरोबर का आहे हे सिद्ध व्हावे, हा त्यांचा आग्रह. (गंमत अशी की बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर मांडण्याचे कोडे त्यांनी उदाहरणादाखल घेतले, आणि तिथे मागे फिरण्याचीच पद्धत वापरली. पण ती यंत्राने राबवायची, माणसाने नव्हे.)

सुदोकूच्या समीक्षेत आपण सहसा एवढेच विचारतो, किती ताऱ्यांचे? हा निकष मला अपुरा वाटतो. नेहमीच्या युक्त्या जिथे चालत नाहीत ते कोडे अवघड, हे कबूल. पण रचणाऱ्याने सोडवणाऱ्यासाठी वाट ठेवली आहे का, हा प्रश्न वेगळा आहे.

आता दुसरे उदाहरण पाहा. आद फान द वेटरिंग या डच कोडेकाराचे २०२० साली गाजलेले एक सुदोकू आहे. त्यात दिलेले अंक फक्त चार! साध्या सुदोकूला एकच उत्तर हवे असेल तर निदान १७ अंक द्यावेच लागतात, हे डब्लिनच्या गॅरी मग्वायर यांच्या गटाने २०१२ मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध केले. इथे चारांत भागते, कारण नियम जास्तीचे आहेत. दोन्ही कर्णांवर १ ते ९ अंक एकेकदाच. घोड्याच्या चालीवर तोच अंक नको. आणि अगदी मधला चौकोन जादूचा, म्हणजे उभी, आडवी, तिरपी बेरीज १५.

चौथ्या ओळीत डावीकडे ३, ८, ४ दिले आहेत आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात २. बस्स. जादूच्या चौकोनाच्या मध्यावर ५ आणि कोपऱ्यांत सम अंक येतात, म्हणून त्याची कडेची ओळ ४‑९‑२, २‑७‑६, ६‑१‑८ किंवा ८‑३‑४ यांपैकीच एक, सुलट किंवा उलट. वरची कड चौथ्या ओळीत येते, आणि ३, ८, ४ तिथे आधीच बसले आहेत. म्हणजे उरले २‑७‑६. कोपऱ्यातला २ कर्णावर आहे, म्हणून या ओळीच्या डाव्या टोकाला २ चालत नाही. ओळ झाली ६‑७‑२, आणि तिच्यावरून मधली नऊही घरे भरतात. एकही अंदाज नाही. आईने हे जेवायच्या टेबलावर वीस मिनिटांत केले आणि पहिला प्रश्न विचारला तो, “कोणी रचलंय हे?” इंकालांच्या कोड्याबद्दल तिने तो विचारला नव्हता.

कोडे निर्दोष मात्र नाही. हा सुंदर आरंभ झाला की पुढे प्रत्येक अंकाभोवती घोड्याची आठ घरे तपासत बसावे लागते. ते डोळ्यांचे काम, डोक्याचे कमी. आईने तिथे दोनदा चष्मा पुसला आणि एकदा वैतागून उठली. शेवटपर्यंत पोचली, पण पहिल्या वीस मिनिटांची मजा पुन्हा आली नाही असे तीच म्हणाली.

इंकालांवरही अन्याय नको. अंक धरून पाहणे आणि ‘इथे ४ असेल तर तिथे ७, मग पलीकडे काहीच बसत नाही’ अशी साखळी मनात जुळवणे, यांत नेमकी रेघ कुठे ओढायची? लांब साखळ्या धरत तेही सुदोकू सोडवता येते, फक्त त्या साखळ्या माणसाच्या डोक्यात मावत नाहीत. निदान माझ्या तरी. आईने परत केलेला कागद मी खणात ठेवला होता. गेल्या महिन्यात तो बाहेर काढला, खोडरबराच्या खुणांसकट. प्रोग्रॅम उघडायचा नाही असे ठरवले आहे. तीन आठवडे झाले, एकही नवे घर भरलेले नाही. दर रविवारी आई फोनवर आधी त्याचीच चौकशी करते.