चिलखत जाड केलं की गाडी सुरक्षित होते का?

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "पेपर चिकित्सकपणे वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" आज एक विषय घेऊन करूनच बघू: विशेष पथकांच्या चिलखती गाड्या. हा माझ्या प्रबंधाचा विषय नाही. आंबिवलीहून लोकलने जाता-येता मी यावरचे काही पेपर वाचले आणि एक गोष्ट खटकली.

या पेपरांची पद्धत साधारण ठरलेली असते. नाटोचं 'स्टॅनॅग ४५६९' हे मानक घ्यायचं. सुरुंगांसाठी त्यातली सगळ्यात वरची, म्हणजे चौथी पातळी १० किलो स्फोटकांची. तेवढा स्फोट संगणकावर गाडीखाली घडवायचा, तळाचा 'व्ही' आकार बदलत जायचं आणि आतल्या माणसाच्या पायांवर, मणक्यावर किती बल येतं ते मोजायचं. काम प्रामाणिक आहे. 'व्ही' तळ स्फोटाचा झोत दोन्ही बाजूंना वळवतो, त्यामुळे जीव वाचतात. मग खटकलं काय?

दोन घटना शेजारी ठेवा. १ मे २०१९, गडचिरोलीतलं जांभूळखेडा. सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेले. गाडी खासगी होती, चिलखत नव्हतं. निष्कर्ष सरळ वाटतो: सुरुंगरोधक गाडी द्या. आता वर्षभर मागे या. १३ मार्च २०१८, छत्तीसगडच्या सुकमा जिल्ह्यातलं किस्टाराम. सीआरपीएफचे ९ जवान गेले, आणि ते सुरुंगरोधक गाडीतच होते.

म्हणजे चिलखत निरुपयोगी? नाही. घाईने असा निष्कर्ष काढलात तर मुलाखतीत तिथेच अडकाल. प्रश्न असा आहे, की पेपरात १० किलो हा आकडा स्थिर आहे, जंगलात तो स्थिर नाही. सुरुंग पेरणारा माणूस गाडी बघून स्फोटकं वाढवतो. शिवाय चिलखताने वजन वाढतं. पुण्याच्या भारत फोर्जकडून लष्कराने २०२१ मध्ये मागवलेली 'कल्याणी एम४' १० टनांहून कितीतरी जड आहे. एवढं वजन पायवाटेवर, कच्च्या नाल्यात चालत नाही. त्याला रस्ता आणि मजबूत मोरी लागते. रस्ते मोजकेच, त्यामुळे गाडी कुठून जाणार हे आधीच कळतं. आणि सुरुंग पेरणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

म्हणून माझी टीका गणितावर नाही, चौकटीवर आहे. संरक्षण, वजन आणि मार्ग ही तीन चलं एकमेकांत गुंतलेली आहेत. हे पेपर पहिलं बदलतात, दुसऱ्याची किंमत एका ओळीत सांगतात आणि तिसऱ्याचं नावही घेत नाहीत. तळाचा कोन बदलल्याने वजन किती वाढलं आणि त्यामुळे कोणते पूल, कोणत्या वाटा बंद झाल्या, एवढं एक कोष्टक जोडलं तरी पेपर कितीतरी उपयोगी होईल.

तुमचा विषय बॅटरीचा असो की बॅक्टेरियाचा, पुढचा पेपर उघडाल तेव्हा आधी एवढंच शोधा: लेखकाने काय स्थिर धरलंय, आणि ते बाहेरच्या जगात खरंच स्थिर राहतं का? जांभूळखेड्याला जे गेले, त्यांच्यासाठी हा प्रश्न फक्त पेपरातला नव्हता.