अर्बुदाचा उद्भव आणि त्याची परिणती

कोलिन्स, ब्राइल्स व त्यांचे सहकारी यांच्या १९७७ च्या निबंधाचा उल्लेख आपल्याकडील व्याख्यानांत ‘कोंबडीचे बी-संकुल कर्करोगास प्रतिबंध करते’ अशा एका वाक्यात उरकला जातो. हे वाक्य निबंधास न्याय देणारे नाही. रौस सार्कोमाचा विषाणू टोचल्यावर उद्भवलेल्या अर्बुदाचे पुढे काय होते, हा त्याचा विषय आहे. बी२ धारण करणाऱ्या पिलांत गाठ बहुधा विरून गेली. माता व पिता या दोहोंकडून बी५ लाभलेल्यांत ती वाढत राहिली. पिले एकाच संकराच्या दुसऱ्या पिढीतील असल्याने इतर जनुकांची दोन्ही गटांत सरमिसळ झालेली होती. निबंधाचे खरे बळ येथे आहे. तथापि बी-संकुलास अगदी लागून असलेल्या जनुकांचा वाटा अशा संकराने निराळा काढता येत नाही.

विषाणूस पेशीत प्रवेश मिळतो की नाही, हा प्रश्न वेगळाच. अ उपगटाच्या विषाणूपुरते त्याचे उत्तर टीव्हीए या ग्राहक-जनुकात आहे. प्रतिरक्षेशी त्याचा संबंध नाही. दोहोंना ‘प्रतिकार’ हा एकच शब्द लावल्याने होणारा घोटाळा उत्तरपत्रिकांत हटकून आढळतो.

बी-संकुलाला सर्वच श्रेय देणेही धाडसाचे होईल. ईस्ट लॅन्सिंग येथे जोपासलेले सहावा व सातवा हे दोन्ही कुक्कुटवंश बी२ चेच. तरी मारेक रोगाची अर्बुदे सातव्यात सहज होतात, सहाव्यात क्वचित. मारेकचा विषाणू हर्पीस कुळातील, म्हणजे निराळा, हे खरे. पण या दोन वंशांतील भेदाचे मूळ बी-संकुलाबाहेरच शोधावे लागते.